अम्मींचा फोन पिंपात पडला

गेल्या जुलैमधली गोष्ट. आमच्या मोहल्ल्यात नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून मोरीशेजारी दोनशे लिटरचे निळे पिंप कायम ठेवलेले असते. असरच्या वुजूसाठी लोटा भरायला अम्मी वाकल्या आणि कमीजच्या खिशातला फोन सरळ पिंपात गेला. भाच्याने अर्धे अंग आत घालून तो बाहेर काढला. फार तर एक मिनिट पाण्यात राहिला असेल.

पुढच्या तासाभरात घरातल्या आम्ही सगळ्यांनी मिळून, जे जे करू नये ते ते केले.

भाच्याने ओढणीला फोन पुसला आणि बटण दाबले. स्क्रीन उजळली. सगळ्यांच्या तोंडून 'अल्हमदुलिल्लाह' निघाले. अम्मींनी लगेच शहाद्याच्या खालांना फोन लावून फोन पाण्यात पडून वाचल्याची खबर दिली, तीसुद्धा त्याच फोनवरून. बोलता बोलता आवाज खरखरू लागला. बॅटरी कमी दिसत होती म्हणून मी स्वतः तो चार्जरला लावला. पाच-सात मिनिटांत स्क्रीनवर हिरव्या रेषा आल्या आणि फोन बंद पडला. भाभींनी केस वाळवायचे ड्रायर आणून गरम हवा मारली. शेजारच्या खाला तांदळाचा डबा घेऊन आल्या आणि रात्रभर फोन तांदळात गेला. सकाळी बाहेर काढला तेव्हा चार्जिंगच्या तोंडात तांदळाची कणी अडकलेली होती आणि काचेच्या आत बाष्प तसेच होते.

आठ-नऊ हजारांचा फोन. 'जाऊ दे, नवीन घेऊ' असे मी म्हणाले. अम्मी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "उसमें तेरे अब्बा की आवाज है."

अब्बांना जाऊन दोन वर्षे झाली. त्यांची हयात नंदुरबारच्या मिरचीच्या व्यापारात मुनिमी करण्यात गेली. टाइप करणे त्यांना कधी जमले नाही. काय सांगायचे ते व्हॉट्सअॅपवर बोलून पाठवत, निम्मे उर्दूत आणि निम्मे अहिराणीत. त्यांचा स्वतःचा फोन आम्ही पुसून साफ करून भाचीला देऊन टाकला होता. ते बोल आता फक्त अम्मींच्या फोनमध्ये उरले होते, आणि त्यांची दुसरी प्रत कुठेही नव्हती.

मी भाषेची शिक्षिका, उर्दू आणि मराठी शिकवते. विजेच्या गोष्टी मला कळत नाहीत. दुसऱ्या दिवशी शाळेत आमच्या विज्ञानाच्या सरांना हे सांगितले. ते हसले नाहीत. एवढेच विचारले, "मॅडम, बटण कोणी दाबलं?"

मग त्यांनी प्रयोगशाळेत दोन पेले मांडले. दोन्हींत बोअरचे पाणी आणि चिमूटभर मीठ. प्रत्येक पेल्यात तांब्याच्या तारेचे दोन तुकडे, एकमेकांना न टेकणारे. एका पेल्यातल्या तारा नऊ व्होल्टच्या चौकोनी सेलला जोडल्या, दुसऱ्या पेल्यातल्या तशाच ठेवल्या. खिडकी उघडी ठेवली. जोडलेल्या पेल्यात लगेच बुडबुडे सुटू लागले आणि तास संपेपर्यंत पाणी गढूळ, हिरवट-पिवळे झाले. एक तार खरवडल्यासारखी झाली होती. दुसरा पेला शाळा सुटेपर्यंत तसाच नितळ होता. तार तीच, पाणी तेच. फरक फक्त सेलचा.

फोनच्या आत हेच घडते. केसासारख्या बारीक तांब्याच्या रेषा, त्यांवर पाण्याचा थेंब, आणि मागे सुमारे पावणेचार व्होल्टची बॅटरी. पाण्याचे विघटन व्हायला सव्वा व्होल्टच्या आसपास पुरे होतात. अगदी शुद्ध पाण्यातून वीज फारशी जात नाही, पण आपल्या घरात शुद्ध पाणी असते कुठे? हंड्याच्या बुडाला जो पांढरा थर बसतो, ते क्षार पाण्यातलेच. या क्षारांमुळे पाण्यातून वीज वाहते, एका टोकाचा धातू विरघळून दुसरीकडे सरकतो, हिरवी-पांढरी भुकटी धरते आणि जिथे वीज जायला नको तिथे वाट तयार होते. नुसते पाणी फोनला सहसा लगेच मारत नाही, ते काम पाण्यातून वाहणारी वीज करते. आम्ही अम्मींचा फोन चालू केला, त्यावर बोललो, वर चार्जरने आणखी वीज भरली.

पाण्यातून काढल्यावर फोन चालू दिसतो, हाच मोठा धोका आहे. माणसाला वाटते वाचला. तो वाचलेला नसतो, पाणी अजून आत फिरत असते.

याउलट आमच्या शाळेच्या शिपाईमामांची गोष्ट. त्यांचा बटणांचा साधा फोन दोनदा पाण्यात पडला आणि आजही चालतो. त्यात जादू काही नाही. त्याचे पाठीमागचे झाकण नखाने उघडते. मामा पहिल्यांदा बॅटरी काढतात, मग सिम, आणि तुकडे खिडकीत ठेवून कामाला लागतात. आपल्या महागड्या फोनची पाठ चिकटवून बंद केलेली असते, म्हणून आपल्याला हा सरळ मार्ग मिळत नाही. तेव्हा पुढचा उत्तम उपाय म्हणजे फोन ताबडतोब बंद करणे. स्क्रीन बोटाला दाद देत नसेल तर बाजूचे बटण दाबून धरावे. काही फोन असे केल्यावर बंद होऊन पुन्हा आपोआप सुरू होतात, तिकडे लक्ष ठेवावे. फोन पाण्यातच बंद पडला असेल तर 'बघू तरी' म्हणून चालू करू नये. चार्जरला लावलेला असताना भिजला असेल तर आधी भिंतीवरचे बटण बंद करावे, मग वायर काढावी, आणि तीही कोरड्या हाताने.

त्यानंतर कव्हर काढायचे, सिमचा ट्रे आणि मेमरी कार्ड बाहेर घ्यायचे, सुती कपड्याने पुसायचे. चार्जिंगचे तोंड खाली करून फोन तळहातावर हलकेच टिचकायचा, म्हणजे आत अडकलेले थेंब बाहेर येतात. जोरजोरात झटकू नये, त्याने पाणी कोरड्या भागात जाते. तोंडाने फुंकर मारू नये. भोकात कापूस, काडी, टिश्यू घालू नये. आणि मग फोन पंख्याखाली, तोंड खाली राहील असा तिरका टेकवून ठेवायचा. किती वेळ? नुसते चार्जिंगचे तोंड ओले झाले असेल तर काही तासांत काम होते. पूर्ण बुडालेला फोन मी तरी दोन दिवस उचलणार नाही, पावसाळ्यात तीन. हे दोन दिवस फार कठीण जातात. घरातला प्रत्येक जण येता-जाता बटण दाबायला हात पुढे करतो. आमच्यासारखे घर असेल तर फोनवर चिठ्ठी लावून ठेवावी.

आता तांदळाविषयी. खालांच्या प्रेमाबद्दल मला काही म्हणायचे नाही. आपण मिठाच्या डबीत तांदळाचे दाणे टाकतोच, मीठ मोकळे राहते, त्यावरून ही समजूत आली असावी. पण बाटलीतला दमटपणा ओढणे वेगळे आणि बंद फोनच्या पोटातले पाणी ओढणे वेगळे. तांदूळ भरभर पाणी पितो तो चुलीवर, आग असते तेव्हा. जानेवारी २०२४ मध्ये आयफोन बनवणाऱ्या अॅपल कंपनीनेच आपल्या सूचनांत लिहिले की ओला फोन तांदळाच्या पिशवीत ठेवू नका, तांदळाचे बारीक कण आत जाऊन नुकसान करू शकतात. बाहेरून उष्णता किंवा दाबाची हवाही देऊ नका, असेही त्यात आहे.

मी हे आठवीच्या मुलींना करून पाहायला सांगितले. एकाच कापडाचे तीन सारखे तुकडे घेतले आणि ड्रॉपरने प्रत्येकावर वीस-वीस थेंब टाकले. एक तुकडा तांदळाच्या डब्यात पुरला, एक रिकाम्या डब्यात झाकण लावून ठेवला, एक पंख्याखाली दोरीवर टांगला. हात वर करून मत घेतले तेव्हा बहुतेक मुलींनी तांदळाला मत दिले. मधल्या सुट्टीपर्यंत दोरीवरचा तुकडा खडखडीत वाळला होता, तांदळातला हाताला ओला लागत होता. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, हे तर मिरचीसारखंच झालं."

तिचे खरे होते. नंदुरबारात राहणाऱ्याला वाळवण शिकवावे लागत नाही. हंगामात गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या लागतात, लांबून जमीन लालभडक दिसते, आणि वाऱ्याच्या दिशेला उभे राहिले तर ठसका लागतो. अब्बा सांगत की माल नीट वाळण्याआधी पोत्यात भरला तर आतून बुरशी धरते, वरून कळतसुद्धा नाही. आम्ही फोन तांदळाच्या डब्यात पुरून वर झाकण लावले, ते ओली मिरची पोत्यात भरण्यासारखेच होते. मात्र मिरचीची एक गोष्ट फोनला लागू करू नये, ती म्हणजे ऊन. आयफोनच्या सूचनांत फोन ठेवण्याची कमाल मर्यादा ४५ अंश सेल्सियस दिली आहे. आमच्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्यावर ठेवलेली वस्तू त्याच्या कितीतरी पुढे जाते. बॅटरी तापते, चिकटवलेले सुटते, स्क्रीन डागाळते. गॅसजवळ, तव्यावर, इस्त्रीखाली असले प्रकारही लोक करतात. बॅटरीत लिथियम असते आणि ती पेट घेऊ शकते, एवढे लक्षात ठेवले तर पुरे.

बुटांच्या खोक्यात किंवा पर्समध्ये त्या छोट्या पांढऱ्या पुड्या येतात, सिलिका जेलच्या. त्या दमटपणा खरोखर ओढतात. हवाबंद डब्यात अशा मूठभर पुड्या आणि फोन, हे पावसाळ्यात चालेल, पण पंख्याखाली वरवरचे पाणी निघून गेल्यानंतर. वर्षभर पुड्या जमवून कोण ठेवते, हा प्रश्न आहेच. आणि त्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

साध्या पाण्यापेक्षा चहा, सरबत, साबणाचे पाणी किंवा डाळ सांडणे वाईट. पाणी उडून जाते, साखर आणि मीठ आत राहतात. रमजानमध्ये इफ्तारच्या दस्तरखानावर गुलाबी सरबताचा पेला फोनवर कलंडणे ही काही दुर्मिळ घटना नाही. असा फोन वाळवून चालू झाला तरी त्यावर भरवसा ठेवू नये, तो दुकानात उघडून धुऊन घ्यावा लागतो. दुकानदार ज्या द्रवाने आतला भाग साफ करतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल असते. ते पाण्याला सोबत घेऊन पटकन उडून जाते. हे ऐकून कोणी घरचे सॅनिटायझर आत ओतू नये, त्यात पाणी आणि चिकट पदार्थ असतात. अत्तर तर मुळीच नको, ते तेल असते. (असे करणारे एक गृहस्थ मला माहीत आहेत. फोन गेला, खोली मात्र आठवडाभर दरवळत होती.)

'आमचा फोन वॉटरप्रूफ आहे' असे म्हणणाऱ्यांसाठी दोन शब्द. खोक्यावर आयपी ६७ किंवा आयपी ६८ असे लिहिलेले असते. त्यातला पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. ६७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे. ६८ ची खोली आणि वेळ कंपनी स्वतः सांगते. ही चाचणी नव्या फोनवर, गोड्या स्थिर पाण्यात होते. फोन पडून कडा उकलली, काच बदलली, दोन वर्षे खिशात घासली गेली की आतले रबर पहिल्यासारखे राहत नाही. तोरणमाळच्या सहलीत यशवंत तलावाच्या काठी आमच्या एका सहकाऱ्यांनी मुलांना फोन पाण्यात बुडवून दाखवला. काचेला कोपऱ्यात तडा होता, हे ते विसरले होते. शिवाय पाण्याने झालेले नुकसान बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत बसत नाही. अनेक फोनांत सिमच्या खाचेत किंवा आतल्या बाजूला एक लहानशी पांढरी खूण असते, ती पाणी लागले की लाल होते. दुकानदार पहिल्यांदा तीच पाहतो.

फोन वाळत असताना हातात असते ते सिम. प्लास्टिकच्या त्या तुकड्याला पाण्याने सहसा काही होत नाही. पुसून दुसऱ्या फोनमध्ये घातले की नंबर सुरू होतो. हे त्याच दिवशी करावे, कारण आज घरातल्या बाईचा नंबर म्हणजे फक्त बोलण्याचे साधन राहिलेले नाही. देशातला पहिला आधार क्रमांक आमच्याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातील टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी रंजना सोनवणे यांना दिला गेला. तेव्हाचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्यासाठी गावात आले होते. त्या दिवशी बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद एवढीच चर्चा होती. आता बँक, गॅस, लाडकी बहीणचे ई-केवायसी, मुलांची शिष्यवृत्ती, सगळीकडे ओटीपी येतो, आणि तो आधारला जोडलेल्या त्याच नंबरवर येतो. सिम हरवले किंवा नवे घ्यावे लागले तर सुरू झाल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद राहतात. हा नियम फसवणूक रोखण्यासाठी आहे, पण अर्जाची शेवटची तारीख असेल त्या दिवशी फार जाचतो. जुने सिम चालत असेल तर तेच वापरावे.

एक सावधगिरी मात्र घ्या. सिम दुसऱ्या फोनमध्ये घातल्यावर घाईने तिथे व्हॉट्सअॅप सुरू करू नका. सुरू करावेच लागले आणि जुना बॅकअप परत आणायचा का, असा प्रश्न आला तर तो 'नको' म्हणून टाळू नका. टाळला आणि नव्या फोनने स्वतःचा बॅकअप घेतला की जुन्याच्या जागी तो बसतो. आमच्या घरी हा प्रश्नच आला नाही, कारण अम्मींच्या फोनमध्ये बॅकअप कधी चालूच केलेला नव्हता. ही चूक माझी. मुलींना वर्गात संगणकाचे महत्त्व सांगणारी मी.

फोनचे पुढे काय झाले ते सांगते. पहिल्या दुकानात गेलो तर काउंटरवरच्या मुलाने 'चेक करतो' म्हणत तो चार्जरला लावला. मी अक्षरशः हातातून ओढून घेतला. दुसऱ्या दुकानातले कारागीर वयस्कर होते. त्यांनी आधी विचारले, "फोन पाहिजे की आतलं पाहिजे?" हा प्रश्न दुकानदाराने न विचारला तर आपण स्वतः सांगावे, कारण दोन्हींची कामे वेगळी असतात. फोन हवा असेल तर भाग बदलले जातात. आतले हवे असेल तर फोन एकदाच, थोडा वेळ उभा राहिला तरी चालतो, आणि कुठल्याही परिस्थितीत रीसेट करायचा नसतो.

त्यांनी पाठ उघडून बॅटरी सोडवली. घरी हे कोणी करू नये. चाकूचे टोक बॅटरीला लागले तर आग लागते, आणि बॅटरी फुगलेली दिसली तर तिला हातही लावू नये. चार्जिंगच्या जागेजवळ हिरवी भुकटी धरली होती, मिठाच्या दाण्याएवढी. ब्रश आणि अल्कोहोलने ती साफ केली, पट्टा धुतला, वाळवला, दुसरी बॅटरी लावली. चौथ्या दिवशी बोलावले. फोन सुरू झाला, चित्र दिसत होते, पण बोटाचा स्पर्श घेत नव्हता. लॉकची नक्षी काढायची कशी?

कारागिरांनी ड्रॉवरमधून एक बोटभर वायर काढली. तिला ओटीजी म्हणतात, दुकानात स्वस्तात मिळते. तिच्या एका टोकाला संगणकाचा साधा माउस जोडला आणि दुसरे टोक फोनला. स्क्रीनवर बाण आला. मी माउसने अम्मींच्या लॉकची नक्षी काढली, तीन प्रयत्नांत जमली. व्हॉट्सअॅपचे बोललेले संदेश मेमरी कार्डावर जात नाहीत, फोनच्या आतच एका फोल्डरमध्ये राहतात, 'व्हॉइस नोट्स' नावाच्या. तो पूर्ण फोल्डर उचलून मेमरी कार्डावर टाकायला अकरा मिनिटे लागली. त्या अकरा मिनिटांत मी स्क्रीनवरून नजर हलवली नाही.

फोन तीन आठवडे अधूनमधून चालला आणि मग कायमचा बंद पडला. गंज एकदा धरला की आतल्या आत चालू राहतो, असे कारागिरांनी आधीच सांगितले होते.

अम्मींच्या नव्या फोनला गळ्यात अडकवायची दोरी आहे. वुजूला जाताना त्या तो मोरीबाहेरच्या खिळ्याला टांगतात. अब्बांचे एकेचाळीस संदेश निघाले. एक प्रत माझ्या लॅपटॉपवर आहे, एक सुरतेला भावाकडे, एक पेनड्राइव्ह घराच्या कागदपत्रांच्या डब्यात. सर्वात लांब संदेश एक मिनिट बावन्न सेकंदांचा आहे. त्यात मिरचीचा भाव आहे, रक्तदाबाच्या गोळ्या संपल्याचे आहे, आणि मागे पथारीवर कोणाला तरी 'ताडपत्री टाक, ढग आलेत' असे अहिराणीत ओरडून सांगणे आहे.